चामड्याला उरेब नसतो

मशीन घेऊन टेम्पो आला तेव्हा आमच्या अंगणात सुकेळी वाळत होती. राजेळी केळी सोलून मांडवावर पसरायची, वरून पातळ कापड टाकायचं आणि दिवसभर माश्यांशी भांडत बसायचं, हे पप्पांचं उन्हाळ्यातलं काम. टेम्पोवाल्याने मागेपुढे न बघता टेम्पो असा काही मागे घेतला की मांडवाचा पाय मोडता मोडता वाचला. "अरे ए, डोळे काय भाड्याने दिलेस?" म्हणून पप्पा ओरडले, आणि त्या गडबडीतच ते लोखंडी धूड चौघांनी उचलून ओटीवर आणून ठेवलं. आईच्या पायाच्या मशीनला सपाट पाट होता. याला पाटच नव्हता. कोपरापासून हात पुढे करावा तसा एक जाड दांडा पुढे आलेला आणि त्याच्या टोकाशी सुई. सुई कसली, दाभणच. खाली मोटर. बटण दाबलं की मोटर घुमायला लागायची आणि तो घूं घूं आवाज घरभर, अगदी मागच्या विहिरीपर्यंत जायचा. सोबत कातड्याचा वास. वसईच्या होळी गावात आमच्या घराला तोवर तगरीचा, शेणाचा, सुक्या बोंबलांचा वास होता. आता चामडं आणि मशीनचं तेल. पप्पा पहिल्या दिवशी जेवताना म्हणाले, "भाकरीलासुद्धा चपलेची चव लागते." आईने त्यांच्या ताटात मुकाट्याने आणखी एक भाकरी वाढली.

पुढे जाण्याआधी एक सांगून टाकते. आमच्या घरात दोन बोली नांदत होत्या. पप्पा होळीचे, वाडीवाले, भाजी-केळी-फुलं करणारे. त्यांची बोली इथे जशीच्या तशी लिहायला बसले तर वाचणाऱ्याच्या नाकी नऊ येतील, म्हणून पप्पांना मी इथे सरळ मराठीत बोलायला लावलं आहे. आई पाचूबंदरची, ख्रिस्ती कोळ्यांची मुलगी. तिच्या जिभेवर 'ण' कधी बसलाच नाही. तिचा 'न' मी तसाच ठेवते आहे, तो काढला तर ती माझी आईच राहणार नाही.

आई कपडे शिवायची. ब्लाउज, परकर, पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे, लग्नातल्या नवरीच्या गाऊनची लेस. पण तिचं नाव झालं होतं ते गोटासाठी. कापडाच्या कडेला दुसऱ्या कापडाची अरुंद पट्टी दुमडून शिवतात, त्याला गोट म्हणतात, हे ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांच्यासाठी. गोल गळ्याला आईचा गोट असा बसायचा की बोट फिरवलं तरी कुठे सुरकुती लागायची नाही. त्याचं मर्म एकच, पट्टी उरेब कापायची. म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरकी. सरळ कापलेली पट्टी वळणावर उभी राहते, उरेब कापलेली ताणली जाते आणि मुकाट्याने वळते. हे मला लिहिता-वाचता येण्याआधी येत होतं. आमच्या घरी 'आमच्या स्वर्गातील बापा' आणि 'पट्टी उरेब काप' या दोन गोष्टी एकदमच शिकवल्या गेल्या. दुसरीबद्दल आई जास्त कडक होती.

मी तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते आणि माझ्या मानेवर बाहरीन होतं. माझी मावशी तिथे एका घरी मुलं सांभाळायला होती, आणि त्याच घराच्या ओळखीत तिने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. आमच्या गावातल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी आखातात होतं, त्यात नवल काही नव्हतं. नाताळात त्या बायका यायच्या तेव्हा चर्चमध्ये मिस्साला त्यांच्या अत्तराचा वास आल्तारापर्यंत जायचा, आणि सगळ्या आया आपापल्या मुलींकडे बघायच्या. मावशी शेजारच्या डायसबाईंकडे फोन करायची आणि तिथून माझ्याबद्दल हुकूम सोडायची, लुसीला पोहायला शिकवा, लुसीचे दात दाखवून घ्या, लुसीला सांगा केस कापायचे नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आईने पासपोर्टसुद्धा करून ठेवला होता. मला जायचं नव्हतं. खोटं कशाला बोलू, कारण काही थोर नव्हतं. मला परक्याच्या घरात परक्याची मुलं सांभाळत, रात्री कुणाशी आपल्या भाषेत एक शब्द न बोलता झोपायचं नव्हतं. पण हे तोंडाने बोलायची सोय नव्हती, कारण घरात 'मग इथे काय करणार?' हा प्रश्न तयार होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर आणलं दळवीसाहेबांनी. कामणच्या पुढे गोदामांच्या रांगेत त्यांचा बॅगांचा कारखाना होता, मूळचे ते कोकणातले, बोलायला मऊ आणि कामाला चिवट. कापडी पिशव्यांच्या कडा शिवायला ते आईकडे द्यायचे. आता त्यांनी चामड्याच्या बॅगा काढायच्या ठरवल्या होत्या, कागदपत्रं ठेवायच्या, झाकणाचे कोपरे गोल आणि कडेला सगळीकडून मऊ चामड्याचाच गोट. त्यांच्याकडचे कारागीर शिलाई उत्तम करत, पण गोल कोपऱ्याशी सगळ्यांनी हात टेकले होते. ते आईला म्हणाले, "कार्मेलबाई, कापडाचा गोट तुमच्याइतका कुणाला जमत नाही. मशीन मी तुमच्या ओटीवर ठेवतो. शनिवारी संध्याकाळी येईन. एक बॅग मनासारखी दाखवा, मशीन इथेच राहील आणि काम कायमचं. नाही जमलं तर त्याच टेम्पोत परत नेईन, राग नाही." जाताना त्यांनी दोन बॅगांचे कापून ठेवलेले भाग आणि गोटाच्या पट्ट्यांसाठी बकऱ्याचं एक मऊ, तपकिरी कातडं दिलं. मी दाराआडून ऐकत होते आणि मनातल्या मनात हिशेब मांडला. मशीन राहिलं तर घरात दोघींचं काम, आणि दोघींचं काम असलं तर मी राहिले. एवढा सरळ हिशेब मी शाळेत कधी मांडला नव्हता.

शुक्रवारी दळवीसाहेबांचा मेकॅनिक शंकर आला. वसई पूर्वेच्या गाळ्यांतून फिरणारा, तोंडाने सतत चालू माणूस. त्याने पिशवीतून दोन फोल्डर काढून आईसमोर ठेवले. फोल्डर म्हणजे पत्र्याचं वळवलेलं छोटं नरसाळं. एका बाजूने सपाट पट्टी आत घालायची, दुसऱ्या बाजूने ती दोन्हीकडून दुमडून बाहेर येते, तिच्या मधे बॅगेची कड धरायची आणि सुईने वरून शिवत जायचं. हल्ली पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघून फोल्डर मागवतात, पसंत नाही पडला तर परत. तेव्हा तसं नव्हतं. "मावशी, बघा, टेन्शन नका घेऊ," शंकर म्हणाला. "हा एक आहे ना, हा फिक्स. मशीनला स्क्रूने कसला की जागचा हलणार नाही. एकदम सीधा काम. आणि हा दुसरा चालू मॉडेल, सुई पुढे सरकते ना, तिच्याबरोबर हा पण सरकतो. दोनो रखो, उद्यापर्यंत चालवून बघा. पण रखना एकच हां! तुमच्या पट्टीच्या जाडीप्रमाणे मी त्याचं तोंड ठोकून बसवणार. एकदा ठोकला की दुकानवाला शेठ वापस घेत नाही."

आईने पहिल्या फटक्यात तो फिक्स, सरळवाला उचलला. तिच्या पायाच्या मशीनला तसाच पितळी फोल्डर होता, तिच्या लग्नाआधीपासूनचा. ती म्हणाली, "हा माझ्या वळखीचा हाय. तो हलनारा मला नको, मिरगी आल्यासारखा थरथरतो." मी म्हटलं, "आई, पण त्याचं तोंड सुईच्या अगदी नाकाशी आहे. सरळवाल्याचं लांब आहे. वळणावर सुई वळेल आणि पट्टी मागूनच येत राहील." आई म्हणाली, "तू कधीपासून मेकॅनिक झालीस?" शंकर हसला. मला त्याचा राग आला, आणि आईचा त्याहून जास्त.

शनिवारी सकाळी आम्ही पहिली बॅग घेतली; कातडं वाचावं म्हणून पट्टी सरळच कापली होती. सरळ कडेला सरळवाला फोल्डर काय चालला म्हणून सांगू! पट्टी आत जात होती, गोट होऊन बाहेर पडत होती, टाके एका रेघेत. आईच्या चेहऱ्यावर 'बघ' असं लिहिलेलं. मग कोपरा आला. सुईने वळण घेतलं, आणि पट्टीच्या चुण्या उभ्या राहिल्या, लहान मुलीच्या झग्याच्या झालरीसारख्या. पुढच्या कोपऱ्यालाही तेच. आईने दोरा तोडला, बॅग उजेडात धरली. मला वाटलं आता म्हणेल दुसरा लाव. ती म्हणाली, "फोल्डरचा दोष नाय. पट्टी सरळ कापली ना आपन, म्हनून. उरेब पायजे."

खरं सांगायचं तर मलाही तेच पटलं. उरेब म्हटलं की आमच्या घरात कुणी शंका घेत नसे, देवावर घेतली असती एक वेळ. आईने ते कातडं जमिनीवर पसरलं, खडूने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या रेघा ओढल्या आणि कातर चालवली. कापडासारखीच, न थांबता. कातड्याच्या मधोमध तिरका चर पडत गेला. पप्पा बाजारातून परत येऊन दारात पाय धूत होते, ते म्हणाले, "अगं, सगळंच कापतेस की काय?" आई म्हणाली, "तुम्ही तुमच्या केळ्यांकडं बघा." बघता बघता कातड्याच्या तिरक्या पट्ट्या झाल्या, बाजूला त्रिकोणी तुकडे आणि एक लांबट वरचा भाग तेवढा उरला.

उरेब पट्टी फोल्डरात घातली. पहिली वीतभर छान आली. मग ती ताणायला लागली, ताणत ताणत अरुंद झाली आणि फोल्डरच्या तोंडातून एका बाजूने निसटली. आईने ती परत सारली. आता ती जाड झाली, अडकली, सुई खाली आली आणि 'टक्' असा आवाज झाला. सुई मोडली. दुसरी सुई घातली. दुसऱ्या पट्टीने सुरुवातीलाच अडकून मधे ढील दिली. आईचा घाम तिच्या हनुवटीवरून ओघळत होता. ती पुटपुटत होती, "असं कसं, असं कसं." मोटरचा आवाज, सुईचा आवाज, आणि मग एकदम काहीच नाही. वीज गेली होती. त्या दिवसांत दुपारची वीज जाणं हे ऊन पडण्याइतकं ठरलेलं होतं, तरीही आम्ही दोघी त्या गप्प मशीनकडे बघत बसलो, जणू त्याने मुद्दाम केलं. संध्याकाळी दळवीसाहेब येणार. एक बॅग वाया गेलेली, कातडं चिरलेलं, वीज नाही. माझ्या डोळ्यांसमोर विमानतळ उभा राहिला, मी कधी न पाहिलेला.

जेवायलाही कुणी उठलं नाही. पप्पांनीच वालाचं बिरडं गरम केलं आणि ताटं आणून ओटीवर ठेवली. मी एका हाताने जेवत होते, दुसऱ्या हाताने त्या वाया गेलेल्या पट्ट्या ओढून बघत होते. एक ओढली, रबरासारखी लांबली. दुसरी ओढली, हलली नाही. आणि गंमत म्हणजे एकच पट्टी, तिचं हे टोक लांबत होतं आणि ते टोक लांबत नव्हतं. मी ताट बाजूला सारलं आणि ते तुकडे जमिनीवर परत जसे होते तसे जुळवायला लागले. आई म्हणाली, "आता काय मेलेला बकरा उभा करतेस?" मी म्हटलं, "आई, बघ ना. हे पायांकडचं, हे पोटाचं. इथे सगळं ढिलं. आणि ही मधली पाठ. इथे घट्ट. कापडाला आडवा-उभा धागा असतो म्हणून उरेब. याला धागाच कुठे आहे? हे अंग आहे गं, कापड नाही. आपण तिरकं कापलं म्हणून एकाच पट्टीत पोट पण आलं आणि पाठ पण आली."

आईने त्या जुळवलेल्या कातड्याचं पोट चाचपलं, पाठ चाचपली. मग तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "म्हनजे माझ्यासारखंच की," ती म्हणाली. "तू झालीस तवापासून पोट ढिलं ते ढिलंच, आन पाठ बघ, लाकूड." पप्पांना ठसका लागला. आम्ही तिघंही हसलो, इतके हसलो की डायसबाईंनी कुंपणावरून विचारलं काय झालं. पण हसू ओसरलं आणि आम्हाला उरलेलं कातडं दिसलं. वरचा लांबट भाग. नशिबाने तो पाठीचाच होता.

तो मी कापला, आईने धरला. पाठीच्या लांबीला सरळ, उरेब नाही. पहिली कातर चालवताना माझा हात लहानपणापासूनच्या शिकवणीविरुद्ध चालला होता. पट्टीच्या दोन्ही कडा आईने चांभाराच्या रापीने तासून पातळ केल्या, तिचा तो हात अजून कसला स्थिर होता! एक पट्टी पुरेना म्हणून दोन पट्ट्यांची टोकं तिरकी तासून जोड दिला आणि तो बॅगेच्या तळाशी येईल असा बेत केला. मग मी शंकरचा दुसरा फोल्डर हातात घेतला. "हा लावू?"

आई म्हणाली, "नको."

"का नको? आता पट्टी बरोबर आहे. सरळवाल्याने कोपऱ्यात परत चुण्या येतील."

"येऊ दे. कोपरे मी हातानं दुमडीन, सोल्युशन लावीन, हातोडी मारीन."

"आई, साहेबांना मशीनचा गोट हवाय. हट्ट काय धरून बसलीस?"

तेव्हा ती उसळली. तिचा आवाज मी एवढा चढलेला क्वचितच ऐकला होता. "हट्ट नाय! हे मनगट बघ माझं. त्या हलनाऱ्याला वळनावर पंजा असा उलटा फिरवावा लागतो, मी आज पहाटे तू झोपलेली असताना चाक हातानं फिरवून बघितलं. माझ्याच्यानं होत नाय. सरळवाला मी एकटी चालवीन. त्याला तू लागत नाय. हलनारा ठेवला तर तू लागशील, रोज लागशील. मग तू जानार कधी?"

माझा तो सरळ हिशेब पार उलटा होता. मशीन राहण्यावर माझं राहणं नव्हतं. कुठला फोल्डर राहतो यावर होतं, आणि आईने सरळवाला उचलला होता तो मला मोकळं करायला. मी म्हटलं, "मला जायचंच नाही." शब्द असे बाहेर पडले की माझे मलाच परके वाटले. आई म्हणाली, "आज म्हनशील. माझी पाठ बघ. पंधरा वर्षांची असताना मशीनवर बसले ती अजून उठले नाय. तिकडं गाडी हाय, थंड खोली हाय, तुझ्या मावशीच्या हाताला भेग नाय. मी तुला याला जुंपू?" आणि तिने त्या लोखंडी दांड्यावर थापट मारली. मी म्हटलं, "मला आवडतं हे." ती म्हणाली, "कायपन." पप्पा ताटं उचलून आत निघाले होते, ते दारात थांबले. मला वाटलं काही बोलतील. ते एवढंच म्हणाले, "आधी बॅग तरी करा. साहेब येतील." आणि भांडी घासायला बसले. आज मला वाटतं त्या एका वाक्याने आमची लाज राखली, नाहीतर दळवीसाहेबांनी आम्हाला भांडतानाच पाहिलं असतं.

वीज आली नव्हती. मी हलणारा फोल्डर लावला, आईने अडवलं नाही. ती मशीनच्या उजवीकडे बसली आणि हाताने चाक फिरवायला लागली. एक फेरा, एक टाका. मी पट्टी आणि कड धरून. कोपरा आला तेव्हा आईने चाक हळू केलं, मी पंजा उलटा वळवला, फोल्डर सुईच्या नाकाशी थरथरत तिच्याबरोबर वळला आणि पट्टी मुकाट्याने वळली. चुणी नाही. आईच्या घशातून हुंकार आला, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दुसरा कोपरा. मग तळ, मग जोड. जोडावर सुई क्षणभर अडली, आणि आईने चाकावर वजन टाकलं, सुई पार गेली. बॅग पुरी झाली तेव्हा आमच्या दोघींचे हात काळे तेलकट झाले होते, आणि वीज तेव्हा आली. मोटर घुमायला लागली. आता या वयातही तो आवाज ऐकला की माझा पंजा आपोआप उलटा वळतो.

चर्चची संध्याकाळची घंटा झाली आणि टेम्पो आला. पप्पांनी धावत जाऊन मांडवासमोर उभं राहून त्याला हात दाखवला. दळवीसाहेब उतरले, मागून शंकर. साहेबांनी बॅग हातात घेतली, चष्मा कपाळावर ढकलला आणि अंगठा कोपऱ्यावरून फिरवला. एकदा, परत एकदा. मग जोड शोधून काढला, त्यावरही नख फिरवलं. शंकर टाचा उंचावून मागून बघत होता. साहेब म्हणाले, "कुणी केलं?" आई म्हणाली, "दोघींनी." "मशीनवर कोण होतं?" आईने माझ्याकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाले, "माझ्यासमोर एक कोपरा करून दाखव." वाया गेलेल्या बॅगेचा टाके उसवून मोकळा केलेला कोपरा होता, उरलेल्या पट्टीचा तुकडा होता. आता हाताने चाक फिरवायला आई नव्हती, मोटर होती, आणि ती पायाच्या हलक्या दाबानेसुद्धा उधळायची. मी पाय ठेवला. पहिले टाके धडधडत गेले, मी पाय उचलला, परत टेकवला, इतका हलका की जणू कुणाच्या झोपलेल्या बाळाजवळून चालते आहे. पंजा वळवला. कोपरा वळला. साहेबांनी तुकडा उचलून बघितला आणि मान हलवली. "मशीन इथेच राहील," ते म्हणाले.

पप्पांनी क्रूसाची खूण केली. मी मात्र आईकडे बघत होते, कारण मला आता ठाऊक होतं की इथे काही संपलेलं नाही. आणि साहेबांनी नेमकं तेच विचारलं. "बाई, काम दोन तऱ्हेचं देता येईल. गोल कोपऱ्यांच्या बॅगा द्यायच्या तर हा हलणारा फोल्डर हवा. नाहीतर चौकोनी फाइलींच्या सरळ कडा आहेत, त्याला सरळवाला पुरे, तुम्ही एकट्याही कराल. शंकर एकच बसवून देणार. कुठला ठेवायचा तुम्ही ठरवा." शंकरने छोटी हातोडी काढून ठेवलीच होती. "बोला मावशी, कौनसा?"

आईने दोन्ही फोल्डर दोन हातांत घेतले. तिने सरळवाला जवळ घेतला, पदराने त्याचं तोंड पुसलं, आत अडकलेला चामड्याचा एक तंतू नखाने काढला. तिला तो आवडला होता, खरंच आवडला होता, आणि तिच्या आयुष्यभराच्या हाताला तोच शोभत होता. मग तिने तो शंकरच्या पिशवीत टाकला.

"हा घेऊन जा," ती म्हणाली. "हलनारा ठोक. गोल कोपरे देत जा साहेब. माझ्याच्यानं होत नायत, ही करील." आणि जरा थांबून, शंकरकडे नाही, साहेबांकडे नाही, सरळ पप्पांकडे बघत, म्हणजे घरच्या माणसाला निकाल सांगावा तसं, म्हणाली, "ही कुठं जात नाय. डायसबाईंकडून मी रात्री फोन करते तिच्या मावशीला."

शंकर ठोकायला लागला. मी मशीनवरच बसले होते, पुढ्यात ती पुरी झालेली बॅग, आणि मला हुंदका आवरेना. आईने पटकन बॅग माझ्यासमोरून ओढून घेतली.

"ए बाय, तिकडं तोंड करून रड," ती म्हणाली. "चामड्यावर पानी पडलं तर डाग जात नाय."